कथा खालून कापू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रशियन लेखक आन्तोन चेकॉव्हची ‘वांका’ ही कथा मराठीत छापलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण छापलेली कथा पाकिटावर पत्ता लिहिण्यापाशीच थांबली आहे. मूळ कथा तिथे संपत नाही. पुढे आणखी एक छोटा तुकडा आहे, तो बहुधा खालच्या जाहिरातीने खाल्ला. मजकूर पानात मावेना की खालून कापायचा, हा वर्तमानपत्रांचा जुना रिवाज. बातमीला तो चालतो, कारण बातमीतलं मोलाचं सगळं वर असतं. चेकॉव्हच्या कथेत ते तळाशी बसलेलं असतं.

नऊ वर्षांचा वांका तीन महिन्यांपासून मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारीला आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक-मालकीण प्रार्थनेला गेलेले पाहून तो गंजक्या टाकाने आजोबांना पत्र लिहितो : मारतात, उपाशी ठेवतात, मला इथून घेऊन जा. पाकिटावर लिहितो, ‘गावी आजोबांस मिळे’. मग डोकं खाजवून भर घालतो, ‘कॉन्स्तान्तिन माकारिच’. ना गाव, ना आडनाव. कथाकथनातही अनेक जण इथेच थांबतात, कारण श्रोत्यांच्या तोंडून हमखास ‘अरेरे’ निघतं. तेवढ्याने कथेचा फक्त चुटका उरतो.

कापलेल्या भागात वांका अंगरख्यावरच रस्त्यावर धावतो आणि दिसेल त्या पहिल्या पेटीत पत्र टाकतो. तासाभराने गाढ झोपतो. स्वप्नात आजोबा चुलाण्यावर अनवाणी पाय सोडून बसलेत, स्वयंपाकिणींना पत्र वाचून दाखवताहेत, आणि व्यून नावाचा कुत्रा शेपटी हलवत फिरतोय. पत्र पोचणार नाही असं चेकॉव्ह कुठेही सांगत नाही. उलट, ते पोचल्याचंच दाखवतो.

आणि तो कुत्रा भरतीचा नाही. कथेच्या पूर्वार्धात त्याची ओळख येऊन गेली आहे : त्याचे मागचे पाय कितीदा तरी झोडपले गेले, दोनदा त्याला टांगलं, दर आठवड्याला अर्धमेला होईतो मारतात, तरी तो पुन्हा उठतो. मालकाने वांकाला केस धरून अंगणात ओढत नेऊन चामड्याच्या पट्ट्याने मारलं, हे आपण त्यानंतर लगेच पत्रात वाचतो. शेवटी तोच कुत्रा शेपटी हलवताना दिसला की हे दोन मार एकमेकांशेजारी येतात. लेखक मात्र एक अक्षर बोलत नाही. शेवट गेला की आधीचं कुत्र्याचं वर्णनही फुकट जातं. खालून दहा ओळी कापल्या तर वरच्या वीस मरतात, असा हा हिशेब आहे.

ही कथा पहिल्यांदा छापली गेली तीही वर्तमानपत्रातच : ‘पीटर्सबर्ग गॅझेट’मध्ये, 25 डिसेंबर 1886 च्या अंकात. म्हणजे आदल्या रात्री लिहिलेलं वांकाचं पत्र वाचकांच्या हाती ऐन नाताळच्या सकाळी पडलं. आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवशी, घरोघरी सणाची गडबड असताना, अंकात असं एखादं पत्र यावं तसं ते झालं असणार.

जागेची अडचण चेकॉव्हला ठाऊक नव्हती असं कुणी म्हणू नये. ‘अस्कोल्की’ या विनोदी साप्ताहिकात त्याला शंभर ओळींची मर्यादा होती आणि ओळीला आठ कोपेक मिळत. ‘कारकुनाचा मृत्यू’ (1883) तिथलीच. नाटकगृहात कारकुनाला शिंक येते, पुढे बसलेल्या जनरलच्या टकलावर शिंतोडे उडतात. तो जनरल त्याचा साहेबसुद्धा नाही. तरी हा गडी खेळ चालू असताना माफी मागतो, मध्यंतरात मागतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मागतो, त्याच्याही दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतो. शेवटी जनरल ‘चालता हो’ म्हणून ओरडतो. कारकून घरी येतो, गणवेश न काढता कोचावर आडवा होतो ‘आणि... मेला.’ हा शेवटचा शब्द ‘मेला’च हवा. रशियनमध्ये तो बोलीतला, उघडावाघडा आहे. ‘त्याचे निधन झाले’ असं केलं की सगळी कथा श्रद्धांजलीच्या स्तंभात जाऊन पडते.

‘सरडा’ (1884) कथेतल्या पोलीस अधिकाऱ्याचा ओव्हरकोट मराठीत तर हमखास हुकतो. एका माणसाला चावलेला कुत्रा जनरलचा असेल असं कुणी म्हटलं की याला एकदम उकडतं, मग त्याला गार वारा झोंबतो. हवा तीच, बदलतो तो याचा पवित्रा. सोलापुरात कोट काढायला कारण लागत नाही, म्हणून आपल्या वाचकाला यात काही वेगळं जाणवत नाही. मोठ्याने वाचताना कोटाच्या वाक्यांआधी नुसता श्वासाइतका थांबा घ्यावा, आवाज बदलू नये.

सर्वांत जपून हाताळायची कथा म्हणजे ‘तोस्का’ (1886). इंग्रजीवरून येताना तिचं ‘दुःख’ होतं. रशियन शब्दात दुःखाबरोबर हुरहूर आहे, आतून दाटून येणंही आहे. ‘कढ’ हा शब्द मला त्याच्या जवळचा वाटतो, कारण लेखक लिहितो ते असं की योनाची छाती फुटून आतलं बाहेर पडलं तर सगळं जग बुडेल, आणि तरी ते कुणाला दिसत नाही. हा योना पोतापोव्ह बर्फावरच्या घसरगाडीचा गाडीवान. मुलगा याच आठवड्यात गेला. तो सैनिकी अधिकाऱ्याला सांगू पाहतो, तीन टवाळ पोरांना सांगू पाहतो, मुक्कामावरच्या तरुण गाडीवानाला सांगू पाहतो. तो गाडीवान पाणी पितो आणि पांघरूण डोक्यावर ओढून झोपतो. शेवटी घोडी उरते. घसरगाडीचा टांगा करायला हरकत नाही, पण बर्फ काढू नये. माणसावर आणि जनावरावर साचलेला थर हेच किती वेळ गिऱ्हाईक नाही याचं माप आहे.

एका बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा नशीबवान. नावानंतर बापाचं नाव लावायची पद्धत आपलीच. योना घोडीला सांगतो, कुझ्मा योनिच राहिला नाही. म्हणजे कुझ्मा, योनाचा मुलगा. मेलेल्या पोराचं नाव घेताना बाप स्वतःचंही नाव घेतो. तळटीप न देता हे आपल्याला कळू शकतं, फक्त अनुवादकाने नावं ‘सुटसुटीत’ करू नयेत. शेवटाला तो ‘तिला सगळं सांगतो’ आणि कथा बंद होते. काय सांगितलं ते लिहिलेलं नाही, कारण काय सांगायचंय (पोर आजारी कसं पडलं, मरताना काय म्हणालं, दवाखान्यातून त्याचे कपडे कसे आणले) याची यादी आधीच येऊन गेली आहे.

किरकोळ एक : वांकाला दुपारी मिळते ती ‘काशा’. तुमच्या अनुवादात तिची ‘खीर’ झाली आहे. खीर म्हटली की पोराची चैन चालल्यासारखं वाटतं. कण्या म्हणा, सोलापूरकराला लगेच कळेल.

कथा लिहून झाली की तिची सुरुवात आणि शेवट खोडून टाकावा, असं चेकॉव्ह म्हणत असे, ही आठवण रशियन लेखक बुनिनने लिहून ठेवली आहे. तिचा आधार कुणी घेईल म्हणून सांगतो : तो सल्ला लिहिणाऱ्याला आहे, पान लावणाऱ्याला नाही. लेखकाने आपला वाटा आधीच खोडलेला असतो. जागा अपुरीच पडली तर कथा पुढच्या रविवारी ढकला, अक्षर बारीक करा, चित्र वगळा.

‘वांका’चा राहिलेला तुकडा येत्या रविवारी छापावा, ही विनंती. एका कॉलमात तीन-चार इंच पुरतील. त्यात व्यून आणि त्याची शेपटी तेवढी राहू द्या.

कळावे,
एक वाचक, सोलापूर