ऑपरेशन पुढे ढकललंत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या डिस्चार्जच्या दिवशी मी पाया पडायला वाकले, तर तुम्ही चटकन मागे सरलात आणि "स्टेंट काढायची तारीख विसरू नका" एवढंच म्हणालात. स्टेंट म्हणजे मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी. दाराबाहेर पेशंटची रांग होती. त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आज सगळ्यांदेखत लिहिते आहे.

अण्णा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. गाडीवर असताना पाणी बेतानं प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. डावी कंबर जड वाटायची, मधूनच हुडहुडी भरून ताप यायचा. मुतखडा झालेला माणूस गडाबडा लोळतो असं ऐकलेलं. अण्णा कधी लोळले नाहीत, म्हणून आम्ही गाफील राहिलो. सोनोग्राफीत खडा दिसल्यावरही कुळथाचं कढण झालं, पानफुटीची पानं झाली. एकांनी तर "पंधरा दिवसांत विरघळतो" असं सांगून पैसे घेऊन पुड्या दिल्या. वर्ष त्यातच गेलं.

तुम्ही सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरलीत आणि केसपेपरच्या पाठीमागे बॉलपेननं किडनी काढून दाखवलीत. खडा ३.२ सेंटिमीटरचा, सुपारीएवढा. खाली जायची वाट, म्हणजे मूत्रवाहिनी, आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर. "ही सुपारी पेनाच्या रिफिलमधून कशी जाईल, अण्णा?" असं तुम्ही विचारलंत, आणि अण्णा पहिल्यांदा मान हलवून "नाही जायची" म्हणाले. मोठा खडा जागचा हलत नाही, म्हणून कळा येत नाहीत, पण किडनी आतल्या आत खराब होत राहते, हेही तेव्हाच कळलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

तरी अण्णा घाबरले होते ते मामांमुळे. मामांचं ऑपरेशन १९८४ सालचं. कुशीपासून पोटापर्यंत वीतभर चिरलेलं, दोन महिने शेतात पाऊल नाही. पाठीतल्या छिद्रातून खडा काढायची पद्धत फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या स्वीडनच्या डॉक्टरांनी १९७६ सालीच जगापुढे मांडली होती, हे मी नंतर वाचलं. मामांपर्यंत ती पोचली नाही. अण्णांपर्यंत पोचली, याचं मला फार वाटतं.

आता खरी गोष्ट. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लघवीचा कल्चर रिपोर्ट आला आणि तुम्ही उद्याचं ऑपरेशन रद्द केलंत. भाऊ रजा टाकून पुण्याहून आलेला, आईनं उपास धरलेला. मी वॉर्डात तुमच्यावर आवाज चढवला. तुम्ही स्टूल ओढून अण्णांच्या कॉटशेजारी बसलात. "लघवीत जंतू आहेत. खडा फोडताना ते रक्तात उतरले, तर छिद्र कितीही छोटं असो, पेशंट हातचा जाऊ शकतो. मला दहा दिवस द्या." आवाज तेवढाच शांत. त्या रात्री मी तुमचा राग राग केला. त्याची माफी मागते. या पत्रातले सगळ्यात मोठे आभार त्या दहा दिवसांचे आहेत.

ऑपरेशन दोन तास चाललं. अण्णांना पालथं झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून किडनीत सुई नेली, तारेवरून वाट थोडी थोडी रुंद केली, आणि करंगळीएवढ्या नळीतून दुर्बीण घालून खडा फोडून काढला, असं तुम्ही बाहेर येऊन सांगितलंत. हातात छोटी बाटली होती. तिच्यात मळकट पिवळे, खडीसाखर कुटावी तसे तुकडे. आईनं ती बाटली दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

पिशवीतली लघवी लालभडक बघून माझे हातपाय गळाले होते. नाइटच्या सिस्टर दर तासाला येऊन रंग बघायच्या आणि मला दाखवायच्या, "बघा ताई, फिकी होतेय." सकाळी ती खरंच पाणचट गुलाबी झाली होती. तिसऱ्या दिवशी पाठीतली नळी निघाली. राहिली एक सेंटिमीटरची खूण. त्या सिस्टरांनाही माझा नमस्कार सांगा.

आतल्या स्टेंटनं अण्णांना जळजळ फार झाली, सारखं लघवीला लागायचं. पण तारीख तुम्ही कार्डावर लाल शाईनं लिहिली होतीत, आणि दोन दिवस आधी तुमच्याकडून फोनही आला. विसरलेल्या स्टेंटवर पुन्हा खडे धरतात म्हणे. एवढी काळजी कोण घेतं!

तुकड्यांच्या तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. अण्णांनी दूध कधीच सोडलं होतं, कॅल्शियम म्हणून. तुम्ही म्हणालात, दूध प्या, मीठ कमी करा, आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. तेव्हापासून अण्णांचा तांब्या वेगळा असतो. दिवसभरात तो किती वेळा भरला, याच्या खडूच्या रेघा ते ओट्यावर मारतात, आणि संध्याकाळी कपभर दूध घेऊन त्या मोजत बसतात. काल आठ होत्या.

सहा महिन्यांच्या सोनोग्राफीला आम्ही येतोच आहोत. आईनं तुमच्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे. नाही म्हणू नका.

तुमच्या पेशंटची मुलगी