तू पाठ फिरवून उभा राहिलास, त्याबद्दल

प्रिय भाऊ,

आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, तू पुण्याहून गावी आला होतास आणि त्यातली एक अख्खी दुपार माझ्या कॉम्प्युटरपाशी घालवलीस. तेव्हा घसा दाटून आला, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

आमच्या बचत गटातल्या १४ बायकांचे आधार, पासबुकांचे फोटो आणि कर्जाच्या नोंदींची एक्सेल माझ्याकडे असते. उन्हाळ्यात कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तालुक्याला एका दुकानात टाकला. आणायला गेले तर तिथला मुलगा ती एक्सेल उघडून, कुणाकडे किती बाकी, हे गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचत होता. एका बाईच्या कर्जाचं तिच्या सासरी माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत कळलं. तिने गटात येणंच सोडलं. मालक मला म्हणाला, "काकू, त्या फायलीत काय सोनं आहे का?" ते वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने फोल्डर 'हिडन', म्हणजे नजरेआड, करून ३०० रुपये घेतले. तू एक टिक केलीस आणि फोल्डर समोर हजर! विंडोजचा पासवर्ड होता, पण माझ्या कॉम्प्युटरची डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर त्याचा काही उपयोग नाही, हेही तूच सांगितलंस.

मग तू एक्सेलला तिचा स्वतःचा पासवर्ड लावायला घेतलास. बाकीचं सगळं सेव्हन-झिप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एईएस-२५६ एन्क्रिप्शनने, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशा पक्क्या कुलपात, आतल्या फाइलींची नावंही दिसणार नाहीत असं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे ३०० रुपयेवाल्याने सांगितलं नव्हतं.

पण मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. "पासवर्डला नाव नको, जन्मतारीख नको. चार-पाच शब्द घ्या, अहिराणी असले तरी चालतील," म्हणालास, आणि खुर्चीवरून उठून दारात जाऊन उभा राहिलास, तोंड लिंबाच्या झाडाकडे करून. मी एका बोटाने टाइप करते. दोनदा टाकायचा, दुसऱ्यांदा चुकला, परत पहिल्यापासून. तुझ्या घरून रोटांसाठी हाक आली, तरी तू हलला नाहीस आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. "झालं की सांगा काकू," एवढंच. मी म्हटलं, तुला सांगून ठेवते, विसरले तर? तू म्हणालास, "मलाही नको. कागदावर लिहा, सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. विसरलात तर कुणीच उघडून देणार नाही."

ज्याला सगळं उघडता येतं, त्यानेच नजर वळवायची, ही रीत तुला घरातूनच मिळाली असणार. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. अशी मुलं आहेत म्हणून गावात एकमेकांच्या घरी किल्ल्या ठेवता येतात.

मी गटातल्या सगळ्या बायकांना त्या दुपारचं सांगितलं. परवाच्या मीटिंगला ती बाई आली. शेवटी बसली होती. उठताना नवीन पासबुक तिने स्वतः माझ्या हातात दिलं.

तुझी,
गल्लीतली काकू