त्या पिशवीवर टाकलेल्या ॲप्रनबद्दल

डॉक्टर, नमस्कार. शेवटच्या तपासणीला आलो तेव्हा तुमचे आभार मानायचे म्हणून बरंच काही मनात जुळवून आणलं होतं, पण बाहेर एवढी गर्दी, तुम्ही रिपोर्ट बघून "काका, पळा आता, सगळं छान आहे" म्हणालात आणि माझ्या तोंडून नुसतं "बरं, थँक्यू" एवढंच निघालं. घरी आल्यापासून ते टोचतंय. म्हणून हे जाहीरच लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्यांनी आधी घोळ घातला त्यांचंही लिहीत नाही कारण या वयात मला भांडणं नकोत. लघवी हा शब्द पुढे बऱ्याचदा येणार आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीचं थोडक्यात. रात्री सारखं उठायचं, जाऊन उभं राहिलं की धार सुरूच होत नाही, झाली तर मध्येच थांबते, झालं एकदाचं म्हणून येऊन पडावं तर परत वाटतं अजून आहे. कुठे लग्नकार्याला गेलो तरी आधी टॉयलेट कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवायचं. हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "वय झालं काका, चालायचंच." अहो वय झालं हे मला ठाऊक आहे, घरात आरसा आहे. मी विचारत होतो की यावर करायचं काय. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढणं अगदी कॉमन आहे, ऐंशीला पोचलेल्या बहुतेक पुरुषांत ती वाढलेली सापडते, हे पुढे तुम्हीही सांगितलंत. पण तुम्ही त्याला लागून लगेच म्हणालात की कॉमन आहे म्हणून सोसत बसायचं असं कुणी सांगितलंय, औषधं आहेत, ऑपरेशन आहे, आपण बघू. बस, एवढंच ऐकायचं होतं मला त्या आधीच्या माणसाकडून.

त्याच डॉक्टरांनी पुढे मला सर्दी झाली तेव्हा नाक मोकळं व्हायच्या गोळ्या लिहून दिल्या. लघवीची तक्रार केसपेपरवर त्यांच्याच अक्षरात होती, पण मागचं पान उलटायला वेळ कुणाला आहे. त्या रात्री लघवी पूर्ण बंद. बसवत नाही, उभं राहवत नाही, ओटीपोट टणक झालेलं आणि एक थेंब येत नाही, घाम मात्र धो धो. ज्याला झालंय त्यालाच कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. कॅज्युअल्टीत ज्या पोराने नळी घातली त्याला उदंड आयुष्य मिळो, जवळजवळ लिटरभर निघाली असं तो म्हणाला आणि मी त्याचा हात धरून रडलो.

पण सकाळी वॉर्डात शिफ्ट बदलली आणि खरी मजा सुरू झाली. "अरे तो लघवी तुंबलेला पेशंट कुठे ठेवलाय?" ही आरोळी दारातून. नळीला जोडलेली लघवीची पिशवी कॉटच्या येण्याजाण्याच्या बाजूला लटकवलेली, कुणीही भेटायला आलं की आधी नजर तिकडे, मग माझ्याकडे, मग छताकडे. सूनबाई आली तर तिला कुठे बघावं कळेना आणि मला कुठे लपावं कळेना. त्यात नळी असतानाच पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठी करतात ती रक्ताची, टेस्ट केली, ती अकराच्या वर आली, आणि कुणीतरी बाहेर पॅसेजमध्ये माझ्या मुलाला सांगितलं की कॅन्सरचं बघावं लागेल, बायोप्सी करून घ्या. मला नाही सांगितलं हं, मुलाला सांगितलं. मला ते दरवाजाच्या फटीतून ऐकू आलं. मग नळी आणि पिशवीसकट घरी पाठवलं, ती पिशवी घेऊन माणसाने चालायचं कसं, झोपायचं कसं, चार लोकांत बसायचं कसं, यावर एक अक्षर नाही.

असा मी तुमच्याकडे आलो. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

तुमच्या वेटिंगमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, वर पेपर उघडून धरलेला, वाचत काहीच नव्हतो. नंबर आला तसाच आत आलो, तसाच बसलो, पेपर मांडीवरच. मागे मुलगा, ही, आणि माझा मेव्हणा, त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे. तुम्ही फाइल हातात घेतली पण उघडली नाहीत. आधी म्हणालात, "बाकीचे जरा बाहेर बसता का? मला काकांशी बोलायचंय." दार लागलं. मग तुम्ही खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालून आलात आणि माझ्या मांडीवरचा पेपर बाजूला केलात. मला वाटलं आता ओरडा बसणार. तुम्ही खाली वाकलात, पिशवी माझ्या हातातून घेतलीत, नळीला कुठे पीळ पडलाय का ते बोटाने चाचपून सरळ केलंत, आणि टेबलाच्या आतल्या बाजूला, जिथे दारातून कुणाला दिसणार नाही, तिथल्या खालच्या दांडीला ती अडकवलीत. मग अंगातला पांढरा ॲप्रन काढून त्यावर टाकलात. टाकलात म्हणजे अगदी सहज, जसं काही तो ॲप्रन ठेवायची ती रोजचीच जागा. आणि खुर्चीत जाऊन बसत म्हणालात, "पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली ठेवायची काका, मांडीवर घेतली की लघवी उलटी चढायची भीती, इन्फेक्शन होतं. हं, आता सांगा, कधीपासून त्रास आहे?"

मला सांगता येईना. घसा भरून आला होता. तुम्ही मुद्दाम कॉम्प्युटरकडे बघत काहीतरी टाइप करत राहिलात, तेही माझ्या लक्षात आलंय. मधे तुमची सिस्टर आत आली तेव्हा तिला फक्त खाली पडलेला एक ॲप्रन दिसला असेल.

डॉक्टर, त्या कपड्याखाली काय होतं हे मला आणि तुम्हालाच माहीत. इतक्या दिवसांत ती पिशवी झाकावी असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, माझ्या माणसांच्याही नाही, आणि त्यांनी जीव तोडून केलं बरं का माझं, त्यांना दोष नाही. पण प्रेम वेगळं आणि हे वेगळं. हे सुचायला समोरच्या माणसाच्या जागी क्षणभर बसून बघावं लागतं.

मग पुढे मी इतकं बोललो की तुमचे पुढचे पेशंट मनातून शिव्या देत असतील. तुमचा पहिला प्रश्न होता, "मधे सर्दीखोकल्याचं औषध घेतलं होतंत का?" मी उडालोच. ती औषधं काही वेळा मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, काही मूत्राशयाचा जोर कमी करतात, आधीच प्रोस्टेट वाढलेली असेल तर एवढं निमित्त पुरतं, हे तुम्ही सांगितलंत, आणि ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाहीत. मी काढला असता. प्रोस्टेट लघवीच्या नळीभोवती असते, ती वाढली की पाण्याच्या पाइपवर कुणीतरी पाय ठेवून उभं राहावं तसं होतं, हे मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय.

लघवीचा त्रास किती आहे ते मोजायचा सात प्रश्नांचा कागद भरायला दिलात, नळीच्या आधीचं आठवून भरा म्हणालात. 35 पैकी 24 आले, 20 च्या पुढे म्हणजे त्रास जास्त. मार्कांचं सोडा, शाळेपासून एवढे चांगले मार्क कधी पडले नव्हते. पण त्या कागदाच्या शेवटी अजून एक वेगळा प्रश्न होता, की हा त्रास आयुष्यभर असाच राहिला तर तुम्हाला कसं वाटेल. हे मला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. सगळे लघवीचं विचारत होते.

पीएसएचं तर मी घरी मृत्युपत्राचं बोलायला लागलो होतो. तुम्ही आधी बोटाने तपासणी केलीत, त्याची मला भयंकर धास्ती होती, पण प्रत्येक वेळी आता काय करणार ते आधी सांगून मग केलंत आणि मिनिटाच्या आत संपलंसुद्धा. मग म्हणालात की लघवी तुंबली, नळी घातली, इन्फेक्शन असलं, तर पीएसए तसाही वर जातो, त्या गडबडीतल्या आकड्यावरून काही ठरवायचं नाही, साधारण सहा आठवडे जाऊ देत, परत करू. आणि हेही म्हणालात की साधी वाढ पुढे जाऊन कॅन्सर होत नाही, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, म्हणून परत तपासणार मात्र नक्की. खोटा धीर दिला नाहीत म्हणून माझा विश्वास बसला. परत केली तेव्हा 4 च्या आत आली. त्या रात्री आमच्या घरात सगळे झोपले, मी सोडून, मी आनंदाने जागा होतो.

आणि ती पायाला बांधायची छोटी पिशवी! मांडीला पट्ट्याने बांधायची, वरून ढगळ पॅन्ट, कुणाच्या बापाला कळत नाही. अशी वस्तू जगात आहे हे आधीच्या ठिकाणी कुणी बोललं नाही, आणि मी घरात कोंडून घेऊन बसलो होतो. तुम्ही स्वतः बांधून दाखवलीत, रात्री मात्र मोठी लावायची हेही समजावलंत. दुसऱ्याच दिवशी खाली कट्ट्यावर जाऊन बसलो.

गोळ्यांचं, नळी काढून स्वतःहून लघवी झाली त्या सकाळचं, नंतर सोनोग्राफीत अजून बरीच मागे राहतेय हे दिसलं म्हणून ऑपरेशन ठरलं, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. टॅमसुलोसिन ही लघवी मोकळी व्हायची गोळी सुरू करताना दोन गोष्टी सांगितल्यात त्या मात्र लिहितो कारण दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील. एक म्हणजे रात्री ताडकन उठायचं नाही, चक्कर येते, आधी काठावर बसायचं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे, किंवा आधी घेत होतो, हे आवर्जून सांगायचं. लघवीची गोळी आणि डोळ्याचा काय संबंध, पण आहे म्हणे, बाहुलीवर परिणाम होतो. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले बरं झालं बोललात.

ऑपरेशनच्या आधीचं एक बोलणं राहिलंच. या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं, मग लघवीतून निघून जातं, त्रास काही नसतो, पण आधी माहीत असावं, हे तुम्ही आपणहून काढलंत. या वयाच्या माणसाला हे कशाला सांगायचं असं नाही धरलंत. कट्ट्यावर एकजण छातीठोकपणे सांगत होता की प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की माणूस कामातून गेला. त्याला मी सांगितलं, माझ्या डॉक्टरने मला सगळं सांगितलंय, तू तुझं बघ. काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट साधा आला हेही त्याला मुद्दाम सांगितलं.

शिकलेले डॉक्टर पुष्कळ भेटतात हो. मशिनं सगळीकडे तीच, गोळ्यांची नावंही तीच. पण माणसाला नागवं करून तपासायचं आणि तरी त्याला नागवं वाटू द्यायचं नाही, ही विद्या कुठल्या कॉलेजात मिळते कोण जाणे. तुमच्या वॉर्डातल्या मावशींकडेही ती होती, पिशवी रिकामी करायला यायच्या तेव्हा आधी पडदा ओढायच्या आणि काहीतरी भलत्याच गप्पा मारायच्या, नातवंडांच्या, पावसाच्या. ब्रदरसुद्धा "काका" म्हणून हाक मारायचा, कॉट नंबरने नाही. वरचा माणूस जसा वागतो तसं खाली झिरपतं, आधीच्या ठिकाणी आरोळी झिरपली होती.

आता एक काम आहे तुमच्याकडे. तो माझा मेव्हणा, त्या दिवशी तुम्ही ज्याला बाहेर बसवलंत तो. परवा आमच्याकडे राहायला आला होता, रात्री बाथरूमचा दिवा सारखा लागत होता. सकाळी विचारलं तर म्हणतो पाणी जास्त झालं. मग हळूच कबूल केलं की मधे एकदा लघवी लालसर आली होती, दुखलं नाही म्हणून गप्प बसला. दुखो न दुखो, लघवीत रक्त दिसलं की दाखवायचंच, हे तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं, त्यामुळे मी तिथेच तुमच्याकडे फोन लावून सोमवारची वेळ घेतली. तो येताना बायको, मुलगी, जावई सगळ्यांना घेऊन येईल, त्याचा स्वभावच तसा आहे, आणि त्यांच्यासमोर तो तुम्हाला एक शब्द खरं सांगणार नाही. तेवढं सगळ्यांना बाहेर काढा. मी आलो असेन तर मलासुद्धा.