आंब्याच्या पेटीत निघालेल्या पुडीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेले’ म्हणून विकलेल्या आंब्यांच्या पेटीत कार्बाइडची पुडी सापडल्याबाबत

महोदय,

तुमच्या अ‍ॅपवरून मागवलेली आंब्यांची पेटी गेल्या शनिवारी घरी आली. पेटीवर ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेले’ असा ठळक शिक्का आहे. वरचा थर काढल्यावर तळाशी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी निघाली. ती फाटली होती आणि आतली करडी पूड खालच्या तीन आंब्यांच्या सालीला चिकटली होती. आंबे धुवायला घेतल्यामुळे माझा हात ओला होता. पुडी उचलताच पूड फसफसली, बोटांना चटका बसला आणि लसणासारखा उग्र दर्प आला. माझे वडील वेल्डिंगचं काम करायचे, त्यामुळे हा दर्प मी लहानपणापासून ओळखते. ते कॅल्शियम कार्बाइड आहे.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की ती ओलावा शोषणारी पुडी आहे, आंबे धुऊन खा, पैसे परत करतो. ओलावा शोषणारी पुडी पाणी लागल्यावर फसफसून असा वास सोडत नाही. कार्बाइडला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि त्याने फळ पिकल्यासारखं दिसतं. बाजारात मिळणारं कार्बाइड कारखान्यात वापरायचं असतं, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्यांच्यापासून आर्सिन आणि फॉस्फिन हे विषारी वायू तयार होतात. तोंडाची-घशाची आग, मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी हे त्रास त्यातून होऊ शकतात. आर्सेनिक तर थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तरी कर्करोगाचा धोका वाढवतं. म्हणूनच फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर अनेक देशांत बंदी आहे. धुतल्याने सालीवरची पूड बरीचशी जाईल, पण फळात काय उतरलंय ते नळाखाली धरून कसं जाणार?

पुडी हाती लागायच्या आधीच माझ्या पाच वर्षांच्या मुलीने वरचा एक आंबा दाताने सोलून खाल्ला होता. तासाभरात जीभ चुरचुरते म्हणून ती रडायला लागली, रात्री दोनदा उलटी झाली. आता ती बरी आहे. हे कार्बाइडमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण ती रात्र मी तिच्या उशाशी बसून काढली आहे.

राहिलेले आंबे कापून पाहिले. बाहेरून सगळे एकसारखे पिवळेधमक, आत बाठीपाशी पांढरट, टणक आणि आंबट. वास जवळजवळ नाहीच. सालीला रंग चढला, पण आतल्या पिष्टाची साखर व्हायला वेळच मिळाला नाही.

फळं पिकवून विकण्याला माझा विरोध नाही. पिकताना फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं. बंद खोलीत, योग्य तापमानाला, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन ठेवलं की आंबे नीट पिकतात. त्याला खर्च येतो आणि काही दिवस थांबावं लागतं, एवढंच. मग तसं पिकवा आणि पेटीवर तसं लिहा. आणि या पुड्या बांधणाऱ्या कामगारांचं काय? माझ्या बोटांना एकदा चटका बसला, ते तर दिवसभर त्या वायूत उभे राहत असतील.

पैसे परत करून तुमच्या दप्तरी ही तक्रार मिटेल, पण त्याच खेपेतल्या पेट्या आज इतरांच्या घरी आहेत. त्या सगळ्यांना आजच फोन करून आंबे खाऊ नका असं सांगा, खेप परत मागवा आणि हा माल कुठे, कोणी पिकवला ते मला लेखी कळवा.

पुडी मी कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवली आहे. फोटो आणि ऑर्डरची पावती सोबत जोडली आहे. ७ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर बरणीसह अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार करणार आहे.

आपली,
एक ग्राहक