ताई, तू आकडे लपवले नाहीस म्हणून

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. पण नुकत्याच सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कंपनीत जाऊ की नको, या विचारात असलेल्यांच्याही हाती ते पडावं असं वाटलं, म्हणून उघडपणे लिहिते आहे. तुझं नाव घालत नाही. तुला ते आवडायचं नाही.

सगळ्यात आधी आभार त्या फोनचे. तू होतीस त्याच कंपनीची ऑफर माझ्या हातात होती. पगार तेव्हाच्या पगारापेक्षा कमी, सोबत स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क. कुणाला काय विचारावं तेही मला कळत नव्हतं. तू आपणहून विषय काढलास. म्हणालीस, "दहा हजार शेअर ऐकून हुरळून जाऊ नकोस. एकूण शेअर किती ते विचार. एकूण एक कोटी असतील तर तुझा वाटा ०.१ टक्का." मग एकेक गोष्ट सोडवून सांगितलीस. व्हेस्टिंग, म्हणजे तो हक्क हळूहळू आपला होत जाणं, बहुधा ४ वर्षांचं असतं आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर हाती काहीच लागत नाही. पुढच्या फंडिंगला नवे शेअर निघतात आणि आपली टक्केवारी उतरते. कंपनी विकली गेली तरी सहसा गुंतवणूकदारांचे पैसे आधी चुकते होतात. आणि ऑप्शनचे शेअर करून घ्यायचे तर पदरचे पैसे मोजावे लागतात. शेवटी म्हणालीस, "ऑप्शनची किंमत शून्य धर. नुसत्या पगारात भागत असेल तरच ये."

कंपनीत माणसं हवी असताना, कंपनीचीच असून तू हे सांगितलंस. बँकेत किती शिल्लक आहे, महिन्याला किती जातात आणि त्या हिशेबाने किती महिन्यांचा रनवे उरतो, तेही फाउंडरना विचारून मला कळवलंस. मी डोळे उघडे ठेवून आले. पुढे कठीण दिवस आले तेव्हा आपल्याला कुणी फसवलं असं एकदाही मनात आलं नाही, ते त्यामुळे.

काम कसं होतं ते तुला काय सांगायचं! टेस्टिंगची वेगळी टीम नाही, सपोर्टला माणूस नाही. सकाळी ठरलेलं दुपारी रद्द व्हायचं. कोड लिहिणारा, तो डिप्लॉय करणारा म्हणजे सर्व्हरवर चालू करणारा, आणि ग्राहकाचा फोन घेणारा एकच. मला त्यात मजा यायची आणि दमायलाही व्हायचं. बाहेर दोन्हींतली एकच बाजू सांगितली जाते, याचा मला राग येतो.

पण ग्राहकाकडे पाहायला तू शिकवलंस, ते जरा सविस्तर लिहिते. आम्ही चार्टवाल्या नव्या डॅशबोर्डमध्ये गुंतलो होतो. तू मला एका ग्राहकाच्या गोदामात घेऊन गेलीस आणि बजावलंस, "तोंड मिटून मागे बसायचं. काही सुचवायचं नाही." तिथल्या बाई आमच्या स्क्रीनवर त्या दिवशी पाठवायच्या ऑर्डरींची यादी काढायच्या, एक ऑर्डर उघडायच्या, मग बॅक दाबायच्या. बॅक दाबलं की फिल्टर उडायचा आणि सगळ्या ऑर्डरी पुन्हा समोर यायच्या. म्हणून त्या सकाळीच ऑर्डर नंबर वहीत उतरवून घ्यायच्या आणि एकेक खोडत जायच्या. वही चांगली जाडजूड होती. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण सॉफ्टवेअर असंच असतं असं त्या धरून चालल्या होत्या. आमच्या कामांच्या यादीत हे कुठेच नव्हतं. दुरुस्ती एका दुपारची निघाली. डॅशबोर्ड मागे पडला आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. आजही काय बांधायचं यावर वाद सुरू झाला की मी आधी विचारते, वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन कोण बसलंय?

बॅकअपबद्दलचा तुझा हट्ट तेव्हा काहींना जाचक वाटायचा. तू गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचं, उदाहरण द्यायचीस: ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या चालू डेटाबेसमधला डेटा चुकून उडवला गेला आणि नेमके ठरलेले बॅकअप कामाला आले नाहीत. कुणीतरी काही तासांपूर्वी घेऊन ठेवलेली प्रत होती म्हणून निभावलं, तरी सुमारे ६ तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं, याचं तुला फार कौतुक. तू म्हणायचीस, परत चढवून पाहिलेला नाही तो बॅकअप नव्हेच. म्हणून ठरावीक दिवशी आम्ही रिकाम्या सर्व्हरवर सगळा डेटा चढवून, आकडे जुळवून बघायचो. मी सांगते, इतक्या छोट्या टीमने यासाठी वेळ काढणं ही चैन नाही. ग्राहकाचा धंदा आपल्या भरवशावर चाललेला असतो.

आता शेवटच्या दिवसांबद्दल. फंडिंग जमलं नाही. तू आणि फाउंडरनी ते पगार थांबल्यावर नाही, हाती काही महिने असतानाच सांगितलंत. ऑफिसात एकमेकांना निरोप पाठवायच्या स्लॅक या ॲपची कथा आपल्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: ग्लिच नावाचा गेम २०१२ मध्ये बंद पडला आणि त्याच कंपनीतून स्लॅक उभं राहिलं. तू त्यातला दुसरा भाग सांगायचीस. गेम बंद झाला तेव्हा बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कंपनीने त्या लोकांची ओळख करून देणारं पान तयार करून त्यांना काम मिळवून द्यायची खटपट केली.

तू आमच्यासाठी नेमकं तेच केलंस. प्रत्येकाला समोर बसवून, कुणी काय उभं केलं ते विचारून लिहून काढलंस. माझ्याबद्दल तू लिहिलंस की पेमेंट दोनदा कापले जाण्याचा बग हिने लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचत मुळापर्यंत जाऊन शोधला, आणि ग्राहकांना फोन करून स्वतः सांगितलं. "मेहनती आणि हुशार" असलं काही नाही, प्रत्यक्ष केलेलं काम. पुढच्या मुलाखतीत त्याच ओळीवर सगळा वेळ बोलणं झालं आणि नोकरी मिळाली. तू मात्र स्वतःसाठी कुठे अर्ज केलास तो सगळ्यांची सोय लागल्यानंतर. हे मला फार उशिरा, दुसऱ्याकडून कळलं.

तू आता पुन्हा कुणाबरोबर तरी नवं काही उभारते आहेस असं ऐकलं. रात्री-अपरात्री सर्व्हर बघायला, किंवा कोड तपासायला जास्तीचं माणूस लागलं तर मला फोन कर. शनिवार-रविवार मी मोकळी असते.

तुझीच,
जुन्या टीममधली एक