केंद्रातल्या दिव्यांग मुलांसाठी आवाहन : गणपतीला येताना एवढं आणा

ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमानी मंडळींनो,

आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांत कमी ऐकू येणारी, कमी दिसणारी, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुलं इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकतात. त्यांच्यासाठी विशेष शिक्षिका आहेत, पण साऱ्या केंद्राला मिळून एकच. वाड्या डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आणि दुपारची एसटी चुकली की पुढची थेट संध्याकाळी. त्यामुळे एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातून फार तर एक दिवस येतो, आणि पऱ्ह्याला पाणी आलं की तोही जातो. उरलेले पाच दिवस मूल वर्गशिक्षक, आईवडील आणि शेजारच्या मुलांच्या भरवशावर असतं. हे आवाहन त्या पाच दिवसांसाठी आहे.

विशेष शिक्षकाचं काम म्हणजे दाखले गोळा करणं आणि शिबिरात सायकली वाटणं, असा गावात समज आहे. ते चुकीचं आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला हा प्रशिक्षित शिक्षक असतो. वर्गशिक्षकाने ‘प्रशस्त’ या दिव्यांगत्वाच्या प्राथमिक चाचपणीच्या अॅपवरच्या प्रश्नावलीत टिपलेल्या मुलांची तो पुन्हा बारकाईने पाहणी करतो आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहितो. हा आराखडा नीट असला तर बाई नसतानाही काम चालतं. ‘गणितात प्रगती करणे’ हे उद्दिष्ट कुणाच्याच उपयोगाचं नाही. ‘समोरच्या दहा चिंचोक्यांतून सांगितले तेवढे, पाचपर्यंत, मोजून हातात देणे, पाच वेळांपैकी चार वेळा बरोबर’ असं लिहिलं, तर वर्गशिक्षक, आई किंवा मोठी बहीण कुणीही ते करून घेऊ शकतं, आणि झालं की नाही तेही सांगू शकतं.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. राज्याने २०२४ मध्ये केंद्रनिहाय एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली. पण केंद्रनिहाय एक हे प्रमाण मुलं मोजत नाही, अंतरही मोजत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरलेली असते आणि शिबिरांतून श्रवणयंत्रं, व्हीलचेअर येतात. ते आम्ही मागत नाही. यंत्र मिळाल्यानंतर ते चालू ठेवायला जे लागतं, ते कुठल्याच यादीत नसतं. ते हवं आहे.

पहिली गरज श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची. कानामागच्या यंत्राला लागणाऱ्या झिंक-एअर बॅटऱ्या तालुक्याला मिळतीलच असं नाही. आपल्याकडच्या मुलांना दोन मापं लागतात : ६७५ (निळं स्टिकर) आणि १३ (नारिंगी स्टिकर). एक बॅटरी साधारण एक ते दोन आठवडे चालते, म्हणजे दोन्ही कानांना यंत्र असलेल्या एका मुलाला शैक्षणिक वर्षात पन्नासच्या आसपास तरी लागतात. स्टिकर काढलं की हवा लागून बॅटरी उतरू लागते, वापरा अथवा न वापरा. म्हणून ‘तपासून बघू’ म्हणत सगळ्यांची स्टिकरं काढू नका. सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचे छोटे डबे हवेत. कोकणच्या पावसात श्रवणयंत्र बिघडतं ते मुख्यतः दमटपणाने : नळीत पाण्याचा थेंब अडकतो, आवाज बंद होतो, आणि घरचे ‘यंत्र गेलं’ म्हणून ते कपाटात ठेवून देतात. रात्री बॅटरी काढून, तिचं दार उघडं ठेवून यंत्र डब्यात ठेवलं आणि सकाळी फुग्याच्या पंपाने नळीत हवा मारली तर बहुतेक वेळा काम भागतं.

यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुतेकदा ते बिघडलेलं नसतं. कानातला साचा सैल झालेला असतो. मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा तेवढाच राहतो. प्राथमिकच्या मुलाला साधारण वर्षातून एकदा नवा साचा लागतो, आणि त्यासाठी मुलाला घेऊन शहरात जावं लागतं. एका मुलाच्या साच्याचा आणि प्रवासाचा खर्च एका कुटुंबाने उचलला तरी मोठं काम होईल. यंत्र चालतंय का हे वर्गशिक्षकांनी रोज परिपाठाआधी पाहायचं असतं : मुलाच्या मागे मीटरभर अंतरावर उभं राहून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज म्हणायचे आणि ऐकू आला की त्याने खडा डब्यात टाकायचा. ‘स’ आणि ‘श’ हुकले तर बॅटरी किंवा नळी बघायची.

दुसरी गरज बसण्याची. व्हीलचेअर शिबिरात मिळते, पण आपल्या पायऱ्यांच्या पाखाडीवरून ती चालत नाही, आणि पुष्कळदा मोठ्या माणसाच्या मापाची असते. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल तिच्यात घसरत जातं, मान सावरण्यातच त्याची सगळी ताकद जाते, मग लिहिणार कशाने? त्याला लागते मापाची लाकडी खुर्ची : कंबर, गुडघा आणि घोटा तिन्ही काटकोनात, पाय पाटावर पूर्ण टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला. बैठकीची खोली म्हणजे पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन बोटं वजा. खोली जास्त झाली की मूल पुढे सरकतं. पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर येतो. गावातल्या सुतारांना विनंती आहे की अशा चार खुर्च्या करून द्याव्यात. मापं बाई घेऊन देतील. लाकूड फणसाचं चालेल, साधं प्लायवूड मात्र पावसात फुगतं. पायाखालचा पाट सरकवता येईल असा ठेवा, म्हणजे दोन वर्षं तरी खुर्ची पुरेल.

उताराबद्दल थोडं स्पष्टच बोलतो. आपल्याकडे अनेक शाळांना रॅम्प आहे तो फोटोपुरता. पावसामुळे आपली जोती उंच असतात. ६० सेंटीमीटर जोत्याला १:१२ या प्रमाणात ७.२ मीटर लांब उतार लागतो. अंगणात जागा नाही म्हणून तो तीन मीटरांत उरकला जातो आणि त्यावरून खुर्ची ढकलताना मोठा माणूसही घसरतो. सरळ जागा नसेल तर उतार काटकोनात वळवावा, वळणावर आणि दारापुढे दीड मीटर सपाट जागा ठेवावी. रुंदी १.२ मीटर, दोन्ही कडांना बोटभर वर आलेली कड, दोन्ही बाजूंना कठडा. वर गुळगुळीत लादी बसवू नये. सिमेंटवर आडव्या खाचा माराव्यात, नाहीतर श्रावणात शेवाळ धरतं. आणि शेवटी दाराचा उंबरठा काढायला विसरू नये! जांभा चिरे आणि गवंडी गावातच आहेत, श्रमदानाचे दोन रविवार लागतील. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत हा विषय आम्ही मांडतोय, त्या वेळी हजर राहून पाठिंबा द्या.

वर्गातल्या साहित्यात बाजारचं महागडं काही नको. नारळाच्या हिराच्या काड्या, दहा-दहा सेंटीमीटर लांबीच्या, हजारभर, सुकवलेल्या, आणि बांधायला रबरबँड. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी बोलतो, लिहिताना दोन आधी. अनेक मुलं म्हणूनच १२ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली, पण ज्या मुलाचे आकडे वर्षभर उलटे पडतात त्याला दहाचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात दिली की ‘वीस आणि एक’ दिसतं. अक्षरांसाठी पॉलिश पेपर, ८० ते १२० नंबरचा, वीस ताव, आणि जाड पुठ्ठा. त्यातून दहा सेंटीमीटर उंचीची मुळाक्षरं कापायची आहेत. मात्रा, वेलांट्या, रफार वेगळे. घ-ध, भ-म, प-ष या जोड्या एकाच आठवड्यात शिकवायच्या नाहीत. एक पक्कं होईपर्यंत दुसरं बाजूला. पहिली वेलांटी आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, रफार नेमका उलटा. सुटे तुकडे हाताने हलवल्याशिवाय हे काही मुलांना उमगत नाही.

कमी दिसणाऱ्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकांच्या मोठ्या प्रती हव्यात. ज्यांच्या ऑफिसात ए-३ झेरॉक्स आहे त्यांनी ए-४ पान ए-३ वर काढून द्यावं. अक्षर जवळजवळ दीडपट होतं. कागद पांढरा असला तरी चकचकीत नको. स्वमग्न मुलांच्या दिनक्रमाच्या चित्रपट्टीसाठी व्हेल्क्रो, पाच मीटर, आणि लॅमिनेशनची पाकिटं हवीत. चित्रं नेटवरची नकोत, आपल्याच शाळेची हवीत : हीच घंटा, हाच नळ, खिचडीचं हेच ताट.

वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी. गावातच राहणाऱ्या, दहावी-बारावी झालेल्या ताई-दादांपैकी प्रत्येक शाळेमागे एक माणूस हवा : आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, शाळेच्या व्हरांड्यात, वर्गशिक्षकांच्या नजरेसमोर. सातत्य नसेल तर कृपया नाव देऊ नका. दर पंधरवड्याला नवा चेहरा आला की काही मुलं आधीचंही सोडून देतात. शिकवायचं काय ते आराखड्यात लिहिलेलं असेल, त्यात आपली भर घालायची नाही. प्रत्येक कृतीपुढे चारपैकी एक खूण : स्वतः केलं, सांगून केलं, हात धरून केलं, केलं नाही. बाई आल्या की पहिल्यांदा याच खुणा बघतात. हात धरून करून घेणं तीन आठवडे तसंच चालू राहिलं तर चूक मुलाची नसते, कृतीचा तुकडा मोठा पडलेला असतो. शर्टाची बटणं शिकवताना शेवटचं अर्धं बटण फक्त मुलाने ओढायचं, बाकीची आपण लावायची. मग हळूहळू मागे सरकायचं. कारण त्यामुळे काम प्रत्येक वेळी त्याच्याच हातून पुरं होतं. फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवणाऱ्या मुलाला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, असं फार आढळतं. वही बघून खूश होऊ नका, बोट ठेवून वाचायला सांगा.

गाडी असलेल्यांकडून महिन्यातून एक दिवस हवाय, जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीसाठी. दिव्यांग प्रमाणपत्राची नोंदणी आधी ऑनलाइन झालेली असेल. त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर आहेत ना हे आदल्या दिवशी फोन करून बघायचं. लहान मुलांची श्रवणाची ‘बेरा’ तपासणी झोपेत होते. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवतात, आणि मूल नेमकं गाडीत झोपतं व टेबलावर टक्क जागं होतं. सोबत गप्पा मारणारं एक माणूस हवं.

नको असलेल्या गोष्टी : जुने कपडे, वाढदिवसाचे केक, वापरलेली श्रवणयंत्रं (ती ज्या त्या कानाप्रमाणे लावून घ्यावी लागतात), आणि मुलांसोबतचे फोटो. दिव्यांग मुलांची छायाचित्रं वॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी नाही, देणगी कितीही मोठी असली तरी.

वस्तू केंद्रशाळेत मुख्याध्यापकांकडे द्याव्यात. साठा नोंदवहीत नोंद होईल आणि कोणती वस्तू कुठल्या शाळेला गेली ते दर सत्राच्या शेवटी सूचनाफलकावर लागेल. रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नये. पैसे द्यायचे असतील तर फक्त शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर, आणि पावती मागून घ्यावी. गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद असली तरी वस्तू घ्यायला समितीचे सदस्य सकाळी दहा ते बारा केंद्रशाळेत असतील. बॅटऱ्या घेताना पाकिटावरची मुदत पाहून घ्या. पुढच्या जूनपर्यंत चालतील अशाच आणा.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती व पालक, केंद्रशाळा