सुपरचार्जर किट निवडा म्हणता, पण ते बसवायचं कोणत्या गाडीत?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या गाड्यांच्या पुरवणीत पिकअपसाठी सुपरचार्जर किट, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंप, कसं निवडावं यावर अर्धं पान लेख आला होता. फोटो मस्त होते, माहितीही तशी चुकीची नव्हती, पण ही सगळी किटं अमेरिकेतल्या मोठ्या पेट्रोल इंजिनांसाठी असतात हे वाक्य त्या अर्ध्या पानात कुठंच सापडलं नाही. माझं कामठी रोडला डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे, आणि त्या रविवारपासून इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप असलेले पोट्टे पेपरचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन येऊन राहिले, काका हे लावून द्या ना, किती लागतील. एक जण तर बाहेरून किट मागवायला अॅडव्हान्स भरायला निघाला होता, त्याला म्हटलं थांब बाबू, आधी बोनेट उघड, आत काय आहे ते तर पाहू. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, जागा पाहून कापा पण मधला भाग कापू नका.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणारी पिकअप म्हणजे काय? कळमन्याच्या बाजारात संत्री नाहीतर भाजी घेऊन येणारी बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, हौशी लोकांची इसुझूची व्ही-क्रॉस, आणि ज्यांच्याकडे पैसा जास्त आहे त्यांची टोयोटा हायलक्स. या जवळपास सगळ्या डिझेल, आणि त्यांना कंपनीतूनच टर्बो. व्ही-क्रॉसचं 1.9 लिटर इंजिन 163 पीएस ताकद आणि 360 एनएम ओढ (टॉर्क) देते, हायलक्सचं 2.8 लिटर 204 पीएस आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 एनएम, हे त्या टर्बोच्याच जोरावर आहे. सुपरचार्जर आणि टर्बो दोघांचं काम एकच, हवा दाबून इंजिनात कोंबायची. फरक एवढाच की सुपरचार्जर क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) बेल्टवर फिरतो म्हणजे इंजिनाचीच थोडी ताकद खातो, आणि टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम गॅसवर फिरतो. मग टर्बो आधीच बसलेला असताना वरून बेल्टचा पंप काहून लावायचा? जगात तसंही करतात, नाही असं नाही, पण तो शर्यतीच्या गाड्यांचा धंदा आहे, आणि आपल्या या गाड्यांसाठी तयार किट घेतलं, नटबोल्ट आवळले आणि चाललो असा प्रकार नसतो. ब्रॅकेट बनवा, पुली बनवा, ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, प्रोग्रामिंग नव्यानं करा, आणि एवढं करून हाती काय तर डॅशबोर्डवर बिघाडाची चेक लाईट.

आता ज्यांच्यासाठी तो लेख खरंच कामाचा आहे त्यांचं सांगतो. माझा भाचा डॅलसला असतो, त्याच्याकडे फोर्डची एफ-150 आहे, 5.0 लिटर व्ही-8, पेट्रोल, टर्बो नाही. तो सुट्टीत ट्रेलरवर बोट घालून तळ्यावर नेतो आणि त्याला किट पाहिजे होतं, तर व्हिडिओ कॉलवर मामाच्या डोक्याला ताप. त्याच्या गाडीत हा प्रश्न रास्त आहे. 2018 नंतरचं ते इंजिन कंपनीतून 395-400 एचपी देते आणि चांगल्या किटनं 650 च्या पुढे जाते. किट आठ-नऊ हजार डॉलरच्या घरात, फिटिंग वेगळं. तिथं मुख्य दोन जाती आहेत. एक जी इंजिनाच्या डोक्यावर, दोन बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, इनटेक मॅनिफोल्ड काढून त्याच्या जागी बसते. यात दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि दर फेऱ्याला ठरलेली हवा पुढं ढकलतात, त्यामुळे अगदी खालच्या आरपीएमपासून, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही, बूस्ट (हवेचा जास्तीचा दाब) मिळतो. मॅग्नसन, एडलब्रॉक, राउश यांच्या किटमध्ये ईटन कंपनीचे पीळ दिलेले चार पाकळ्यांचे रोटर असतात, व्हिपलवाले ट्विन-स्क्रू वापरतात ज्यात हवा आतमध्येच दाबली जाते. दुसरी जात सेंट्रीफ्यूगल, प्रोचार्जर आणि व्होर्टेकची, ती इंजिनाच्या समोर ब्रॅकेटवर लटकते आणि दिसायला टर्बोच्या गोगलगायीसारखी असते. तिचा बूस्ट आरपीएमबरोबर वाढत जातो, म्हणजे वर जोरदार आणि खाली साधारण. ट्रेलर ओढणाऱ्याला ताकद पाहिजे खाली, दोन हजार आरपीएमला, सिग्नलवरून उठताना आणि चढावावर. म्हणून भाच्याला सांगितलं की तुझं काम पहिल्या जातीचं, मित्राच्या मस्टँग स्पोर्ट्स कारला काय लावलं ते पाहू नको.

आणखी एक गोष्ट जी तुमच्या लेखात दोन ओळीत उरकली ती म्हणजे पेट्रोल. भाच्याच्या त्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जाते तो आकडा, 12 ला 1 आहे. त्यावर सहा-सात पीएसआय (दाबाचं माप) बूस्ट दिला आणि पेट्रोल हलक्या प्रतीचं असलं की नॉकिंग होते, म्हणजे पेट्रोल आपोआपच भडकते, पिस्टनच्या कडा तुटतात, कधी रिंगची पट्टीच निघून येते. म्हणून किटवाले 91 किंवा 93 ऑक्टेनच (नॉकिंग न होऊ देण्याची पेट्रोलची ताकद) पाहिजे असं लिहितात. आपला माणूस वाचतो आणि म्हणतो, अरे आपल्या पंपावरचं साधं पेट्रोलही 91 चंच होतं ना, चालते. नाही चालत बाप्पा. अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहितात तो दोन चाचण्यांची सरासरी असते, आपल्याकडे फक्त रिसर्च ऑक्टेनचा आकडा सांगतात जो नेहमी मोठा दिसतो. तिथलं 91 म्हणजे आपल्या मापानं 95-96 च्या आसपास. आकडा सारखा पण पेट्रोल सारखं नाही, आणि हे पुरवणीत चौकटीत मोठ्या अक्षरात पाहिजे होतं, कारण जुनी पेट्रोल जीप घेऊन अशा उचापती करणारेही आपल्या शहरात आहेत, मी ओळखतो त्यांना.

बरं, भाच्याचा शेवटचा प्रश्न असा की किट लावल्यावर मी आणखी मोठी बोट ओढू शकतो का. म्हटलं दाराच्या खांबावरचं स्टिकर वाच. वजनाची मर्यादा चेसिस, ॲक्सल, ब्रेक, टायर यांच्यावर ठरते, इंजिनात दोनशे घोडे जास्त बांधले म्हणून ब्रेक मोठे नाही होत. ही गोष्ट डॅलसच्या पोट्ट्याला एका मिनिटात समजली, पण आपल्याकडे दीड टनाच्या पिकअपमध्ये अडीच टन भरून गाडी ओढत नाही म्हणणाऱ्याला वर्षानुवर्षं सांगूनही समजत नाही, तो म्हणतो पॉवर वाढवून द्या. काय वाढवून द्या?

आता आपल्या नागपूरच्या हवेचं पाहा. मे महिन्यात पारा 45 वर जाते हे काही नवीन नाही. 45 डिग्रीची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या हवेपेक्षा जवळपास 10 टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला तेवढा ऑक्सिजन आधीच कमी. आणि हवा दाबली की ती तापते, सायकलच्या पंपाचा बुड गरम होतो तो कोणी पण हात लावून पाहिला असेल. 45 डिग्रीची हवा सात पीएसआयपर्यंत दाबली की पंपातून निघताना ती शंभर डिग्रीच्या आसपास असते. म्हणून कोणतंही किट असो, टर्बो असो की सुपरचार्जर, खरा जीव ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये आहे. डॅलसलाही उन्हाळा कडक असतो, म्हणून भाच्याला हेच बजावलं की ज्यात इंटरकूलर वेगळे पैसे देऊन घ्यावा लागते ते स्वस्त किट घेऊच नको. लेखात मात्र इंटरकूलर कुठंतरी शेवटी, रंग कोणता घ्यावा त्याच्या जवळपास.

ज्या व्ही-क्रॉसवाल्याचा वर उल्लेख केला त्याची गाडी मग आम्ही पाहिली. तक्रार काय, तर गाडी सुस्त झाली, ओव्हरटेकला दम नाही, मागून काळा धूर. बोनेट उघडलं तर इंटरकूलरकडून येणाऱ्या रबरी होजवर, क्लॅम्पच्या अगदी खाली, तेलकट काळा डाग आणि त्यावर धूळ चिकटून चॉकलेटी थर झालेला. बोटानं होज वाकवली तर आतून भेग उघडली, नखाएवढी. गाडी उभी असताना ती बंद राहते आणि बूस्ट आला की ओठासारखी उघडते, साबणाचं पाणी मारलं की फुगे निघतात. टर्बो हवा दाबून राहिला आणि अर्धी हवा बाहेर. एअर फिल्टर काढला तर त्यात हिंगणा एमआयडीसीची सगळी धूळ. होज बदलली, क्लॅम्प नवा, फिल्टर नवा, इंटरकूलरच्या जाळीतला माती आणि किड्यांचा गाळ उलट्या बाजूनं हळू पाणी मारून काढला, प्रेशर वॉशर मारला नाही कारण त्यानं पत्रे वाकतात. पोट्टा चक्कर मारून आला आणि हसून राहिला. त्याला सुपरचार्जर पाहिजे होता, त्याची स्वतःच्या टर्बोची हवा त्याला परत मिळाली.

सुपरचार्जर जमत नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतोच, मग ईसीएमचं रिमॅप (नवं प्रोग्रामिंग) करून द्या, नाहीतर ती डबी लावून द्या. डबी म्हणजे कॉमन रेलच्या (इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल देणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरमध्ये मध्ये जोडतात ती, जी ईसीएमला खोटं सांगते की प्रेशर कमी आहे, मग ईसीएम डिझेलचं प्रेशर वाढवते. सुरुवातीला मजा येते. नंतर जास्तीचं डिझेल काजळी बनून डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या फिल्टरमध्ये, बसते, गाडी रिजनरेशन (ती काजळी जाळून साफ करणं) पुन्हा पुन्हा मागते, एक्झॉस्टचं तापमान वाढते, क्लच घसरायला लागते, आणि मग कोणीतरी सुचवते की डीपीएफच काढून टाका. हे काम मी करत नाही, आणि जे करतात त्यांच्याकडून आलेल्या गाड्या मला उघडाव्या लागतात.

कायद्याचं तर लेखात नावही नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही की आरसीतली माहिती आणि कंपनीनं दिलेलं मूळ स्पेसिफिकेशन यात फरक पडेल. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट लावायला वाट ठेवली आहे, परवानगी घेऊन इंजिन बदलायलाही आहे, पण पॉवर वाढवायचं किट त्यात बसत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हे कलम स्पष्ट करून सांगितलं आहे. आणि 2019 च्याच दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं जाऊ द्या, उद्या समृद्धीवर काही झालं आणि विम्याच्या सर्व्हेअरनं बोनेट उघडून ते चकाकणारं ॲल्युमिनियम पाहिलं, तर क्लेमसाठी चकरा कोण मारणार? एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत तर सगळे सेन्सर एकमेकांत गुंतलेले आहेत, एक छेडला की चार बोंबलतात. अमेरिकेत सगळी मोकळीक आहे असंही कोणी समजू नका, कॅलिफोर्नियात किटला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो आणि त्याचं स्टिकर बोनेटखाली चिकटवावं लागते, आणि डॅलसमध्येही गाडीची एमिशन टेस्ट असते, म्हणून भाच्याला तो क्रमांक असलेलंच किट शोधायला लावलं.

एक गंमत सांगतो, मोठ्या मोटारींच्या बोनेटमधून वर डोकावणारा जो ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, व्हिडिओमध्ये पाहून पोट्टे वेडे होतात, त्याचं मूळ डिझेल ट्रक आणि बसमध्ये आहे. जनरल मोटर्सची 71 सिरीजची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं होती, 1938 पासूनची, त्यांना ब्लोअरशिवाय श्वासच घेता येत नसे, म्हणून तो कंपनीतूनच लावलेला असे. अमेरिकेतल्या हौशी पोरांनी भंगारातून ते ब्लोअर काढले आणि रेसच्या पेट्रोल गाड्यांवर चढवले. म्हणजे तिथंही कोणी डिझेल पिकअप घेऊन त्यावर किट शोधत बसलं नव्हतं.

तर संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. अशा लेखाच्या डोक्यावर एक ओळ छापत जा की हे कोणत्या देशातल्या, कोणत्या इंधनाच्या, कोणत्या इंजिनाच्या गाडीबद्दल आहे. आणि येत्या रविवारी कलम 52 आणि 182अ मध्ये काय लिहिलं आहे ते आरटीओच्या एखाद्या अधिकाऱ्याला विचारून साध्या भाषेत द्या, सीएनजी किट, बुलबार, मोठे टायर, सायलेन्सर, कशाला चालते आणि कशाला नाही, सगळं एका ठिकाणी, कारण गाडी नागपूरच्या एमएच-31 नंबरची असो, 40 ची असो की 49 ची, या गोष्टीवरून चौकाचौकात रोज हुज्जत होऊन राहिली आहे. इंटरकूलर आणि होज घरच्या घरी कसे तपासायचे यावर कोणाला लिहायचं असेल तर फोटो काढायला गॅरेजवर या, दुपारी चारनंतर या, त्याआधी पत्र्याखाली उभं राहवत नाही.

आपला,
एक जुना वाचक आणि डिझेल मेकॅनिक,
कामठी रोड, नागपूर